किल्लारीनंतर गावं कुणी उभी केली

नमस्कार सगळ्यांना. अवघड काळातलं नेतृत्व असा विषय दिलाय तुम्ही. असा विषय निघाला की आपण लगेच मोठी नावं काढतो, त्यांचे फोटो लावतो. मला मात्र आज लातूर आणि उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, बायकांबद्दल बोलायचंय.

किल्लारीचा भूकंप झाला ती वेळ ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून लोक उशिरा घरी येऊन झोपले होते. आपल्याकडची जुनी घरं कशी तर दगड-मातीच्या दोन-दोन अडीच-अडीच फूट जाड भिंती, वर माळवद, म्हणजे लाकूड-मातीचं सपाट छत, आणि त्या माळवदावर गळू नये म्हणून दरवर्षी चढवलेली माती. भिंतीच्या आतला दगड आणि बाहेरचा दगड एकमेकांना धरूनच नव्हते, हादरा बसला तशा त्या फाकल्या आणि सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, किती गावांची नावं घ्यायची. आठ ते दहा हजार माणसं गेली.

मदत प्रचंड आली, देशभरातून आली, ते विसरून चालणार नाही. भारतीय जैन संघटनेनं बाराशे मुलं पुण्याला शिक्षणासाठी नेली, केवढं मोठं काम आहे ते. पण पुनर्वसनाचा पहिला टप्पा बघा. ५२ गावं नव्या जागी हलवायचं ठरलं आणि घराचा आकार ठरला जमिनीवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, त्याच्या वर सात हेक्टरपर्यंत ४५०, आणि सातच्या वर असेल तर ७५०. घरात माणसं किती हा हिशोबच नाही! मग बऱ्याच ठिकाणी एकसारख्या घरांच्या ओळी एकत्र पडल्या, भाऊ एका टोकाला आणि भावकी दुसऱ्या टोकाला, सरळ रुंद रस्ते, शेत लांब पडलं, आणि जुन्या घरासमोर जो ओटा होता, जिथं बायका दुपारी बसायच्या, तो नकाशातच नव्हता. नकाशा काढताना कुणी त्यांना विचारलंच नव्हतं. मला आजही याचा राग येतो, कारण विचारायला पैसा लागत नव्हता.

दुसरा टप्पा वेगळा झाला आणि माझ्या मते सगळं शिकण्यासारखं तिथंच आहे. जी गावं हलवायची नव्हती तिथली दोन लाखांच्या आसपास घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती, गावं बाराशे-तेराशे, त्यामुळे एवढं काम ठेकेदाराकडून होणं शक्यच नव्हतं, घरमालकानंच करायचं आणि ग्रँट हप्त्याहप्त्यानं घ्यायची असं ठरलं. जागतिक बँकेचं कर्ज होतं, आणि लोकसहभागाचं काम प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेकडं आलं. त्यांनी गावोगावच्या महिला मंडळांतून बायका निवडल्या, नाव दिलं संवाद सहायक. काम काय, तर कुणाला किती ग्रँट आहे, पुढचा हप्ता कशामुळं अडकलाय, इंजिनिअर कधी येणार, हे घरोघरी जाऊन सांगायचं आणि लोकांचं म्हणणं वर पोचवायचं.

ऐकायला साधं वाटतं ना? पण कालपर्यंत ग्रँटची माहिती चारदोन पुरुषांच्या खिशात असायची, आता ती बाईच्या वहीत आली, आणि माहिती जिच्याकडं असते तिच्या दारात लोक येतात हो. शिवाय बांधकामाचं म्हणाल तर काँक्रीटवर सात-आठ दिवस पाणी मारावं लागतं, नाहीतर त्यात ताकद येत नाही, आणि आपल्याकडं पाणी आणतं कोण? बाईच. त्यामुळं मिस्त्रीनं सिमेंट किती घातलं, भिंतीतून आरपार जोडदगड बसवला की नुसतं वरून लिंपलं, कोपरा सांधला का, हे बाकी कुणाच्या आधी तिला दिसणार. तिला फक्त काय बघायचं ते सांगायला लागलं, मग तीच मिस्त्रीला उभं करून विचारायला लागली.

यात योगायोग असा की ७३वी घटनादुरुस्ती भूकंपाच्याच वर्षी एप्रिलमध्ये लागू झाली होती, पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांना. सही बायकोची आणि कारभार नवऱ्याचा असं किती गावांत झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. पण जी बाई दोन वर्षं तालुक्याला खेपा घालून इंजिनिअरशी बोलून आली ती ग्रामसभेत गप्प बसत नाही. यातल्या कितीतरी जणी पुढं पंचायतीत गेल्या, बचत गट चालवले, अंगणवाडीत आणि आरोग्य केंद्रात जाऊन विचारणा करायला लागल्या.

आणि २००१ ला भूजचा भूकंप झाला तेव्हा याच बायका कच्छला गेल्या. भाषा वेगळी, पण मी पण पडलेल्या घरातून बाहेर आलीय असं म्हणणारी समोर बसली की बाकी ओळख लागत नाही. त्सुनामीनंतर तमिळनाडूलाही गेल्या.

आता भूकंप एका पहाटेत होऊन जातो, दुष्काळ मात्र वर्षानुवर्षं बसून राहतो. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं हे तुम्हाला आठवत असेल. त्या काळात या गटांनी एक एकरची पद्धत वाढवली. म्हणजे बाईनं घरच्यांकडं सगळं शेत मागायचं नाही, एक एकर मागायचं आणि त्यात काय पेरायचं ते तिनं ठरवायचं. ज्वारी, मूग, उडीद, तूर, भाजीपाला, घरचं बी, शेणखत, जमलं तर ठिबक. बाकीच्या रानात सोयाबीन जळालं तरी चुलीवर काहीतरी शिजतं. सुरुवातीला घरचे हलकी, दगडाळ, कुणाला नको असलेली पट्टी द्यायचे, आणि तीच हिरवी दिसली की मग सासरे स्वतः बघायला यायचे.

पण त्या एकराच्या सातबाऱ्यावर अजूनही बहुतेक ठिकाणी तिचं नाव नाही. नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, विम्याला आणि ठिबकच्या अनुदानाला अडचण. शासनाच्या लक्ष्मी मुक्ती योजनेत नवरा राजी असेल तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं, तलाठ्याकडं अर्ज करायचा असतो. इथं बसलेल्यांपैकी जे गावात काम करतात त्यांनी आपापल्या गावात असे किती अर्ज झालेत ते सांगा, प्रश्नोत्तरं तिथूनच सुरू करू.