तंबू उठल्यानंतर

12 जानेवारी 2010. संध्याकाळचे पाच वाजायला सात मिनिटं होती. हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स हादरली. भूकंपाची तीव्रता 7.0 होती.

शहराच्या मधोमध सरकारी विद्यापीठाचं रुग्णालय आहे. लोक त्याला नुसतं 'जनरल' म्हणतात. ज्यांच्या खिशात पैसे नाहीत, त्यांचं हॉस्पिटल हेच. त्याच्या शेजारची नर्सिंगची शाळा विद्यार्थिनींसकट कोसळली. त्या रात्री ज्यांनी जखमींजवळ उभं राहायचं, त्यांच्यातल्या कितीतरी मुली स्वतःच ढिगाऱ्याखाली गेल्या होत्या.

जनरलच्या ज्या इमारती उभ्या होत्या, त्यांच्यात जायला रुग्ण धजत नव्हते. जमीन राहून राहून हलत होती. मग खाटा अंगणात आल्या. झाडाखाली सलाइन लागलं, उघड्यावर ऑपरेशनं झाली.

ढिगाऱ्यातून जिवंत निघालेला माणूस वाचलाच, असं नसतं. तासन्‌तास दबलेले स्नायू मरतात, आणि वजन उचललं की त्यांच्यातले घातक घटक रक्तात उतरतात. मूत्रपिंडं बंद पडतात. तिथं सलाइन लवकर लागतं, पुढं डायलिसिस लागतं. आणि जखम सडली, तर हात किंवा पाय कापावा लागतो. हैतीत अशी वेळ हजारो माणसांवर आली.

मदत येत होती, पण विमानतळाला धावपट्टी एकच. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या वैद्यकीय मदत संस्थेचं फुगवून उभं करायचं हॉस्पिटल घेऊन आलेलं विमान उतरूच शकलं नाही. ते शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकला वळवलं गेलं आणि सामान तिथून रस्त्यानं आलं. अमेरिकेचं 'कम्फर्ट' हे रुग्णालय-जहाज पोहोचलं 20 जानेवारीला. या परदेशी पथकांनी असंख्य जीव वाचवले, हे निःसंशय. पण ती आली होती परत जाण्यासाठीच.

पाय कापलेलं मूल मात्र तिथंच वाढणार होतं. त्याला कृत्रिम पाय लागणार, आणि उंची वाढेल तसा तो पुन्हापुन्हा बदलावा लागणार. हे काम तंबूतलं नव्हे. त्याला वर्षानुवर्षं उघडं राहणारं हॉस्पिटल लागतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात कॉलरा आला. भूकंपातून नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरची घाण नदीत गेली, तिथून तो पसरला. वेळेवर मीठ-साखरेचं पाणी आणि सलाइन मिळालं, तर कॉलऱ्याचा रुग्ण बहुधा वाचतो. तरीही पुढच्या काही वर्षांत जवळपास 10,000 माणसं गेली.

जनरलची नवी इमारत बांधून द्यायचं अमेरिका आणि फ्रान्सनं 2010 मध्येच कबूल केलं होतं. दहा वर्षं उलटली तरी ती पुरी झाली नाही. 2016 मध्ये इथले निवासी डॉक्टर कित्येक महिने संपावर गेले. मागणी होती पुरेशा पगाराची आणि काम करता येईल इतक्या साधनांची. आम्हाला या सगळ्या कहाणीत हा संप सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जगानं कोट्यवधी डॉलर जाहीर केले होते, आणि तिथला डॉक्टर रोजच्या गरजेच्या वस्तू मागत होता.

पुढं हॉस्पिटलभोवती टोळ्यांच्या बंदुका आल्या आणि 2024 मध्ये ते बंद पडलं. 24 डिसेंबरला पुन्हा उघडण्याची घोषणा व्हायची होती. जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. दोन पत्रकार आणि एक पोलीस ठार झाले.

हे असंच घडायला हवं होतं, असं मात्र नाही. राजधानीच्या उत्तरेला, मिरबालेत, 2013 मध्ये 300 खाटांचं शैक्षणिक रुग्णालय सुरू झालं. छतावर सौर पॅनेल, आत सीटी स्कॅन, नवजात बाळांसाठी अतिदक्षता विभाग, आणि हैतीतच घडणारे हैतीचे डॉक्टर. बारा वर्षं ते चाललं. 2025 मध्ये टोळ्यांनी मिरबाले गाव घेतलं आणि हॉस्पिटल रिकामं करावं लागलं. आता तिथल्या बाईला बाळंतपणात सिझेरियनची गरज पडली, तर बंदूकधाऱ्यांचे रस्ते चुकवत दुसरं गाव गाठावं लागतं.