चमचा उपडा करून बघा

बसा, बसा. मागं बसलेल्या पोरींनो, लेकरं रडायला लागली तर बाहेर नेऊ नका. आज बोलणं त्यांच्याचविषयी आहे, त्यांचाही आवाज असू द्या.

मी सत्तावीस वर्षं परभणी-हिंगोलीकडच्या खेड्यांत अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. एवढ्या वर्षांत एक वाक्य जितक्यांदा ऐकलं तितकं दुसरं कुठलंच नाही. “बाई, लेकरू खायला लागल्यापासून दूधच पियायलं नाही.” त्यावर आपल्याकडं दोन उत्तरं तयार असतात. एक म्हणतं, खायला लागलंय, आता दूध कमी होणारच, सोड. दुसरं म्हणतं, आईचं दूध आटलं, डबा आण. लेकराच्या वाटीत काय आहे, हे मात्र कुणीच विचारत नाही. आज मला तेवढंच बोलायचंय. वयाप्रमाणं किती दूध, किती जेवण, हे शेवटी सांगते. आधी एक घर दाखवते.

येलदरी धरणाच्या अलीकडचं गाव. वीस वर्षांची पोरगी, पहिलटकरीण, मुलगी सात महिन्यांची. सासू ओसरीवरच म्हणाली, “हिचं दूध आटलं हो बाई.” फळीवर दुधाच्या पावडरीचा डबा. तालुक्याच्या एका दवाखान्यात दोन मिनिटांत सांगितलं होतं, दूध पुरत नाही, हे सुरू करा. त्या माऊलीला कुणी पाजताना पाहिलं नाही, लेकरू काय खातं ते विचारलं नाही. याचा मला आजही राग आहे. डबा महाग, म्हणून महिनाभर पुरवायला त्या सांगितल्याच्या निम्मीच पावडर घालत होत्या. म्हणजे पोटात काय जात होतं? पांढरं पाणी.

मी त्या घरी सकाळी नऊपासून दोनपर्यंत बसून राहिले. नऊ वाजता चहात बुडवलेली दोन बिस्किटं. साडेदहाला वाटीभर वरणाचं पाणी, वरचं वरचं, निवळ, कारण डाळ “जड पडते”. साडेअकराला आईनं जवळ घेतलं. पोरीनं दोन मिनिटं चोखलं, अंगणातल्या कोंबडीकडं मान वळवली, संपलं. आजी लगेच म्हणाली, “बघा, पियायलीच नाही.” साडेबाराला पुन्हा वरणाचं पाणी, दोनला बाटली. आणि त्या वेळी आईच्या पोलक्यावर मला दोन ओले गोल दिसले. छातीतून दूध गळत होतं! मी आजीला हात धरून दाखवलं. म्हटलं, आटलेल्या विहिरीला असा पाझर असतो का? आजी गप्प झाली, मग पदरानं डोळे पुसले. तिच्याबद्दल मला कधी राग आला नाही. तिच्या वेळी तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

आता यातलं गणित बघा. लेकराचं पोट किलोमागं साधारण ३० मिली धरतं. सात किलोच्या लेकराला एका वेळी दोनशे मिलीच्या आसपास, बस्स. आईच्या १०० मिली दुधात ६५ ते ७० कॅलरी असतात. वरणाच्या निवळ पाण्यात त्याच्या निम्म्यासुद्धा नाहीत. म्हणजे आपण त्या इवल्या पोटात दुधापेक्षा हलकी गोष्ट भरतो आणि दुधाची जागा अडवतो. लेकरू शहाणं असतं, पोट भरलं की तोंड फिरवतं. ते कमी चोखतं म्हणून छातीत दूध कमी तयार होतं. जितकं ओढावं तितकं येतं, हा दुधाचा कायदा आहे. पंधरा दिवसांत खरंच कमी होतं आणि मग सगळे म्हणतात, बघा, आटलं.

मी दोन वाट्या घरून आणल्यात. पुढच्यांनो, नीट बघा. या वाटीत वरणाचं पाणी आहे. चमचा भरला, उपडा केला, सगळं खाली सांडलं. या दुसरीत ज्वारीच्या कण्या आणि मुगाची डाळ, गुरगुट्या भातासारखी मऊ शिजवून घोटलेली, वर चमचाभर तूप. चमचा उपडा केला. बघा, चिकटून राहिलं, सावकाश घसरतंय. चमच्यावर जे ठरतं ते लेकराला बाळसं देतं. तुपाच्या त्या छोट्या चमच्यातच ४५ कॅलरी आहेत. शेंगदाण्याचं बारीक कूट घाला, अर्धापूरचं केळं कुस्करून द्या, अंडं खात असाल तर उकडून कुस्करून द्या. सहा महिन्यांचं लेकरू हे पचवतं. मीठ-साखर लेकरू वर्षाचं होईपर्यंत नको. मध तर वर्षाच्या आत बोटावरसुद्धा नको, बाळगुटीतलाही नको. त्यातून लेकराला लुळं पाडणारा आजार होऊ शकतो.

त्या घरी आम्ही दोनच गोष्टी बदलल्या. आधी छाती, मग वाटी. आणि वाटी घट्ट. बिस्किटं बंद. पुढच्या महिन्यात गेले तर त्या डब्यात आजीनं हळद भरून ठेवली होती.

उष्टावणाबद्दल थोडं बोलू द्या. मामा येतो, चांदीच्या वाटीत खीर, फोटो, आहेर. मला हा सोहळा फार आवडतो, माझ्या नातवाचा मीच हौसेनं केला. पण मुलग्याचं सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात, या हिशेबात मुलीला पाचव्यातच खीर चाटवतात, नाहीतर सातव्यापर्यंत थांबवतात. पाचव्यात आतडं तयार नसतं, आणि सातवा उलटेपर्यंत थांबलं तर जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सरत येतो. सोहळा तुमच्या सोयीनं करा. चमचा मात्र १८० दिवस पूर्ण झाले की, मुलगा असो की मुलगी. आणि खीर भरवून मामा गेला की दुसऱ्या दिवशी काय शिजवायचं, हेही त्याच दिवशी ठरवा.

आणखी एक, हे माझ्या फार जिवाला लागलेलं आहे. दिवाळीच्या आगेमागे आपल्याकडून, बीडकडून सर्वांत जास्त, कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, निघतात. फडावर पहाटे अंधारात आई उसात उतरते. लेकरू कोपीत, म्हणजे झोपडीत, सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण. तिथं दूध कमी होतं ते लेकरू खायला लागलं म्हणून नाही. आई जवळ नाही म्हणून कमी होतं, आणि भूक बिस्किटाच्या पुड्यावर भागते. ही कमी त्या येलदरीच्या घरासारखी सल्ल्यानं भरून निघत नाही. फडाजवळ लेकरांची सोय आणि आईला मधे पाजायला सुट्टी, याशिवाय तिथं काही होणार नाही. मुकादमांशी मी यावर भांडले आहे, तुम्हीही भांडा. रात्री आणि पहाटे निघण्याआधी पोटभर पाजा, एवढं तरी आईच्या हातात आहे.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं राहिली. मग कबूल केलेलं भरभर सांगते, लिहून घ्या.

सहा ते आठ महिन्यांत लेकराला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात. त्यांतल्या २०० वाटीतून, उरलेल्या ४०० दुधातून. नऊ ते अकरा महिन्यांत वाटीतून ३००. वर्षानंतर वाटीतून ५५०, दुधातून साधारण साडेतीनशे. आता नीट बघा, वाटी वाढत जाते, पण दूध एकदम खाली येत नाही, हळूहळू उतरतं. म्हणून वर्षाच्या लेकरानं दूध कमी केलं तर काळजी नको, पण सातव्या महिन्यातच दूध झपकन कमी झालं तर आधी वाटी तपासा. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोन-तीनदा. नवव्या महिन्यापासून तीन-चारदा, एका वेळी अर्धी मोठी वाटी. आईचं दूध दोन वर्षं आणि पुढंही चालू द्या.

कोंबडीकडं बघणाऱ्या लेकरांना आतल्या खोलीत, कमी उजेडात पाजा. या वयात त्यांचं चित्त चौफेर धावतं, ते दूध नाकारत नाहीत.

लेकरानं एकाच दिवसात दूध तोडलं तर ते वेगळं. कान दुखतो का, तोंड आलंय का, नाक बंद आहे का, बघा. दिवसभरात सहा वेळा तरी लंगोट ओला व्हायला हवा. त्याहून फार कमी झाला, लेकरू मलूल पडलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. वजनाची रेघ दर महिन्याला अंगणवाडीत बघून घ्या.

म्हशीच्या दुधाचं विचारलंय. वर्षाच्या आत आईच्या दुधाऐवजी नको, त्यात लोह फार कमी. वर्षानंतर दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर नको, नाहीतर भाकरीची भूकच राहत नाही.

दुसरी चिठ्ठी आली. वाट्या इथं टेबलावर ठेवते, ज्यांना चमचा उपडा करून बघायचा त्यांनी पुढं या. आणि ती मागं रडायलीय ती किती महिन्यांची? आठ? तिला आधी पाज माय, मग ये.