बदाम, सिंह आणि दोनशे वर्षांची ठासणीची बंदूक

जुन्या बंदुका पारखणाऱ्या काकांचं बोट या ठासणीच्या बंदुकीवर जिथं थांबलंय तिथं नीट बघा. पत्त्यांमधल्या बदामासारखा आकार, आत रेघांनी पाडलेले कप्पे, कप्प्यांत व्ही, ई, आय, सी ही इंग्रजी अक्षरं आणि डोक्यावर इंग्रजी चारच्या आकड्यासारखी खूण. हा ईस्ट इंडिया कंपनीचा शिक्का.

आता शेजारची बंदूक. इथं बदाम नाही, मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह आहे, पंजात मुकुट. कंपनीनं १८०८ च्या सुमाराला बदाम सोडला आणि सिंह घेतला, त्यामुळं ही १८०३ ला असईच्या लढाईत होती असं सांगून कुणी सिंहवाली विकायला आणली तर विषय तिथंच संपला.

मग टेप. नळी भरली ३९ इंच, म्हणजे इंडिया पॅटर्न. आधीच्या ब्रिटिश बंदुका ४६ आणि ४२ इंची असायच्या, कंपनीनं आपल्या फौजेसाठी आखूड आणि स्वस्त करून घेतली आणि फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर ब्रिटिश सरकारनंच ती उचलली. टेप ३५-३६ वर थांबली तर समजायचं, मधे कुणीतरी नळी कापलीय.

हे दोन बुजवलेले ठिपके दिसतायत? आधी इथं रंजक, म्हणजे बार पेटवायची बारीक दारू, ठेवायची वाटी आणि तिच्या झाकणाची स्प्रिंग होती, पुढं टोपीची बंदूक आली, म्हणजे घोडा आपटला की पेटणारी छोटी टोपी वापरणारी, तेव्हा गारगोटीनं ठिणगी पाडणारा गारेचा घोडा काढून हातोडीसारखा बसवला आणि भोकं बुजवली. बरेच जण याला मोडतोड म्हणतात, मला तसं वाटत नाही, तो त्या बंदुकीच्या आयुष्याचाच भाग आहे. खरी फसवणूक म्हणजे असली बंदूक नवे पार्ट लावून परत गारेची करायची आणि अस्सल म्हणून विकायची.

ग्रेडचं म्हणाल तर अमेरिकेतल्या पद्धतीत धातूवरचा मूळ रंग-मुलामा ८० टक्क्यांवर शिल्लक असेल तर एक्सलंट, ३० च्या वर फाईन, असं चालतं. पण या बंदुकांचं लोखंड मुळात चकचकीतच असायचं, शिपाई विटेच्या भुकटीनं घासायचे, मग टक्के मोजणार कशाचे? म्हणून काका कडा बघतात. अक्षरांच्या कडा बोटाला लागतात का, दस्त्याच्या लाकडावरचे शिक्के वाचता येतात का.

आणि ही तिसरी बंदूक. दिवाळीच्या साफसफाईत पॉलिश पेपरनं घासलेली. सिंहाचं तोंड गेलंय. विनंती आहे, वाड्यात, माळ्यावर असली वस्तू सापडली तर मऊ कापड आणि थेंबभर तेल, बस, काळानं चढलेला तपकिरी थर काढू नका. घासलेल्या बंदुकीची किंमत पडते ती पडतेच. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते, देशाबाहेर विकायला नेता येत नाही, आणि चालू शकेल अशी असेल तर लायसन्स लागतं, तेवढं पोलिसांकडं आधी विचारून घ्या.

आता काका लॉक, म्हणजे बार उडवणारी घोडा-स्प्रिंगची यंत्रणा, उलटा करतायत. आतली बाजू. त्या काळी एका बंदुकीचा पार्ट दुसरीला बसायचा नाही, म्हणून कारागीर एकत्र बसवलेल्या पार्ट्सवर कानशीनं सारख्या खाचा करून ठेवायचा. लॉकच्या पट्टीवर तीन. घोड्यावर तीन. स्प्रिंगवर... थांबा, चष्मा पुसतायत. तीन.