खोटं स्टिअरिंग, खरा घाट

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच धरून बसलेले चाणाक्ष श्रोतेहो,

पत्रिकेवर विषय छापलाय, 'रेसिंग गेमवर खरी गाडी शिकता येते का?' काही आजी-आजोबा नातवंडांना हाताला धरून घेऊन आलेले दिसतायत. गेमचे दुष्परिणाम ऐकायला मिळतील अशी त्यांची समजूत झालेली असावी. आजी-आजोबांची आज निराशा होणार आहे. माझं म्हणणं एवढंच, की गेमवर गाडी शिकता येते, पण थोडीच. आणि जी थोडी येते ती आपल्याकडे दुसरं कुणी शिकवत नाही. ती कोणती, हे सांगायला मला पन्नास मिनिटं दिली होती. त्यातली दहा द्वारका चौकात गेली. (हशा) हसताय काय, तुमच्यातले निम्मे माझ्याच मागे हॉर्न वाजवत होते.

मी सगळी नोकरी सातपूरला ब्रेकच्या धंद्यात काढली. गाडी पळते कशी यापेक्षा थांबते कशी, यावर आमची चूल पेटली. हॉर्सपॉवरवर तासभर बोलणारे लग्नाच्या प्रत्येक पंगतीत भेटतात. ब्रेकविषयी बोलायला लागलं की शेजारचा माणूस मठ्ठा आणायला उठतो. आज तुम्हाला उठता येणार नाही, दाराजवळ सेक्रेटरी बसलेत.

सिम्युलेटर म्हटलं की लोकांना पोरखेळ वाटतो. निदान नाशिककरांना तसं वाटू नये. आपल्या ओझरला सुखोई जुळलेत, गांधीनगरला लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक तयार होतात. वैमानिक आधी जमिनीवरच्या खोट्या कॉकपिटमध्ये घाम गाळतो, हे इथल्या रिक्षावाल्यालाही माहीत आहे. अशी एक खोटी कॉकपिट बनवली एडविन लिंक नावाच्या अमेरिकन माणसाने, १९२९ साली. वडिलांचा कारखाना ऑर्गन आणि पियानोचा. आपल्या पेटीला असतो तसला भाता, मोठा. तो याने लाकडी विमानाखाली बसवला आणि विमान जागच्या जागी डोलायला लागलं. घेतलं कुणी? जत्रा-मेळ्यातल्या करमणूकवाल्यांनी. वैमानिकांच्या शाळा ढुंकून बघेनात. पुढे १९३४ साली तिथे विमानाने टपाल न्यायचं काम लष्कराकडे दिलं. ऐन हिवाळा, धुकं, आणि उपकरणं बघून उडवायची सवय नाही. थोड्याच दिवसांत बरेच वैमानिक दगावले. मग लष्कराला लिंकची आठवण झाली. अधिकारी नेवार्कच्या विमानतळावर त्याची वाट बघत थांबले. हवा इतकी वाईट की आता हा काही येत नाही म्हणून ते निघायच्या बेतात. तेवढ्यात लिंक स्वतः विमान चालवत, नुसत्या काट्यांकडे बघत, उतरला. सहा यंत्रांची ऑर्डर मिळाली. जत्रेतलं खेळणं पाच वर्षांत लष्करात दाखल झालं, हे नातवंडांनी घरी जाताना आजोबांना पुन्हा सांगावं.

गाड्यांचंही तसंच झालं. प्लेस्टेशनवरच्या ग्रॅन तुरिझ्मो या खेळातले तरबेज खेळाडू निवडून निसान आणि सोनीने २००८ पासून त्यांना खऱ्या ट्रॅकवर उतरवलं. पहिला विजेता स्पेनचा लुकास ओर्दोन्येझ. २०११ च्या ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याचा संघ आपल्या गटात दुसरा आला. अमेरिकेचा विल्यम बायरन घरच्या कॉम्प्युटरवर आयरेसिंग खेळत वाढला आणि २०२४, २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं डेटोना ५०० ही तिथली मोठी मोटारशर्यत जिंकला. तेव्हा गेममधून ड्रायव्हर होतो की नाही, हा वाद मिटलाय. पण तुम्हाला कुठे डेटोना जिंकायचीय? तुम्हाला संध्याकाळी सात वाजता मुंबई नाक्यावरून, गाडीला ओरखडा न येता, घरी जायचंय. कुंभमेळ्याची खोदकामं चालू असताना हे डेटोनाहून अवघड आहे, ते सोडा.

आता माझ्या पुतणीची गोष्ट. ही जरा लांबेल.

पुतणीने ड्रायव्हिंग स्कूल लावलं. नाव सांगत नाही, कारण पाटी कुठलीही लावा, आत गाडी तीच. सकाळी साडेसहाला हॉर्न वाजणार. गाडीत आधीच तिघं मागे कोंबलेली, आपापल्या पाळीची वाट बघत, त्यातला एक झोपलेला. पुतणी स्टिअरिंगवर बसणार. सर डावीकडे, त्यांच्या पायाशी त्यांचा स्वतःचा क्लच आणि ब्रेक. गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत जायचं आणि परत. "मॅडम, हाफ क्लच. हाफ. रेस नका देऊ. हां, सोडा." एवढाच अभ्यासक्रम. पोरीला वाटतंय आपण चालवतोय. गाडी चालवतायत सर, पोरगी नुसती स्टिअरिंग धरून आहे. सिग्नल आला की गाडी आपोआप थांबते, केवढी गुणी गाडी! पंधरा दिवसांत आठाचा आकडा काढायला शिकवला, मागे घ्यायला शिकवलं, लायसन्स आलं, पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

महिन्याभरात त्र्यंबक रोडला पुढचा पिकअप अचानक थांबला. पुतणीने ब्रेक मारला, वेळेत मारला. आणि गाडी पिकअपला जाऊन टेकली. बंपर, एक दिवा, बाकी काही नाही. संध्याकाळी आमच्याकडे आली, डोळे सुजलेले. म्हणाली, "काका, ब्रेक खराब आहे. मी दाबला तर खालून खर्रर्र आवाज आला. पायाला कुणी खालून ढकलल्यासारखं झालं. मोडला वाटून मी पाय उचलला."

मंडळी, ते एबीएस होतं! चाक जाम होऊ नये म्हणून सेकंदाला कित्येकदा ब्रेक सोडतं-धरतं, त्याची ती थरथर. २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे. गाडी पोरीला वाचवत होती, आणि तिने नेमक्या त्या क्षणाला पाय उचलला, कारण ही थरथर म्हणजे काय ते तिला कुणीच सांगितलं नव्हतं. मी गेलो त्या स्कूलच्या मालकाकडे. म्हटलं, "तुम्ही एकदा तरी पोरांना जोरात ब्रेक मारायला लावता का?" ते शांतपणे म्हणाले, "साहेब, आमचे टायर झिजतात." (हशा) वर चहा मागवला. चहा चांगला होता.

आता त्या मालकांचं पूर्ण चुकतं असंही नाही. रस्त्यावर, मागे बस असताना, करकचून ब्रेक मारायचा सराव द्यायचा कुठे? सरकारने २०२१ मध्ये मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम केले. त्यात सिम्युलेटर हवा, ट्रॅक हवा, हलक्या वाहनाला २९ तासांचं शिक्षण हवं. कागदावर उत्तम. पण गल्लीत हॉर्न अजून साडेसहालाच वाजतो.

आणि हा दोष एकट्या आमच्या पोरीचा नाही बरं का. १९९० च्या दशकात मर्सिडीजवाल्यांनी बर्लिनच्या आपल्या मोठ्या सिम्युलेटरमध्ये साध्या ड्रायव्हरांना बसवलं आणि समोर अचानक संकट आणलं. बहुतेकांनी ब्रेक झटकन मारला, पण पुरेसा जोरात मारलाच नाही. भले भले जर्मन! त्यातून त्यांनी १९९६ मध्ये ब्रेक असिस्ट आणला, तुमच्या वतीने गाडीच पूर्ण दाब देते. माणसाचा पाय अर्ध्यावर थांबतो, हे सिम्युलेटरमध्ये कळलं. रस्त्यावर असं बघायचं तर प्रत्येक वेळी एक बंपर खर्ची पडला असता.

मग पुतणीला बसवलं माझ्या धाकट्याच्या गेमच्या सेटसमोर. त्याने टेबलाला शिकंज्याने पकडायचं व्हील घेतलेलं, खाली तीन पॅडल. पहिल्याच ब्रेकला पॅडलची पट्टी फरशीवरून सरकत भिंतीला गेली. मागे पाटा लावला, वरवंटा लावला, तेव्हा जागेवर राहिली. खुर्चीला चाकं होती, ब्रेक मारला की पोरगीच मागे जायची. ती बदलून लाकडी खुर्ची आणली. आमची सौ. दारातून बघत होती. म्हणाली, "घरात बंपर नाही तेवढं बरंय." रेस लावलीच नाही. मोकळा ट्रॅक, ताशी ऐंशी, मी 'आता' म्हटलं की पूर्ण दाबायचा आणि गाडी थांबेपर्यंत दाबून ठेवायचा. पहिल्या काही वेळा गाडी पूर्ण थांबण्याआधीच पाय उचलला जायचा, अगदी त्या दिवशीसारखा. चौथ्या-पाचव्या संध्याकाळी तो जागेवर राहायला लागला. व्हीलला थरथर देता येते, पण या पॅडलला येत नाही. ती खरीच बघावी लागते. म्हणून रविवारी सकाळी एका मोकळ्या मैदानावर खरी गाडी नेली, ताशी चाळीसला तेच करायला लावलं. खर्रर्र झालं. पाय हलला नाही. पोरगी ओरडून हसली, आणि मैदानातले क्रिकेटवाले आमच्यावर ओरडले.

चिठ्ठी आली. 'सात मिनिटे.' अध्यक्ष महाराज, आत्ता कुठे विषय सुरू होतोय! बरं, पळवतो.

पहिलं, डोळे. १९९४ साली लँड आणि ली या दोन शास्त्रज्ञांनी ड्रायव्हरची नजर मोजली. वळणात शिरायच्या एक-दोन सेकंद आधीच ती वळणाच्या आतल्या कडेवर, जिथे रस्ता वळल्यासारखा दिसतो तिथे, जाऊन बसते. नवशिका बघतो बॉनेटच्या पुढे. खेळात बॉनेटच्या पुढे बघणारा तिसऱ्या वळणाला गवतात जातो, म्हणून आपोआप लांब बघायला शिकतो. मला विचाराल तर सगळ्या सेटची किंमत इथेच वसूल होते.

दुसरं, अंतर. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, पूर्ण ब्रेकने गाडी ताशी ४० ला साधारण ९ मीटरमध्ये थांबते, ८० ला ३६, १२० ला ८१. तीन, सहा आणि नऊचे वर्ग, पाठच करा. समृद्धीवर १२० ची मुभा आहे. त्यात तुमचं दचकणं वेगळं, दर सेकंदाला आणखी ३३ मीटर. पावसात याच्या दीडपट-दुप्पट धरा. हे आकडे वहीत वाचून कुणाला भीती वाटत नाही. पडद्यावर भिंतीला धडकून वाटते.

तिसरं, घाट. जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे इंजिनच गाडी आवरतं. कसाऱ्याला उतरताना ब्रेक जळल्याचा वास का येतो? सतत पाय ठेवला की ब्रेक तापतात आणि तापलेल्या ब्रेकची पकड जाते. बीमएनजी नावाच्या जर्मन खेळात ब्रेक खरोखर तापतात, तिथे हे करून बघता येतं. युरो ट्रक सिम्युलेटरमध्ये ट्रक घेऊन उतार उतरा, इंजिन ब्रेक आणि रिटार्डर, म्हणजे चाकांचे ब्रेक न तापवता ट्रक आवरणारी साधनं, न वापरता दहा किलोमीटर नीट जाऊन दाखवा. आणि एक खास आपल्यासाठी. त्या खेळात सुरुवात ब्रिटनमधून करा. तिथे वाहतूक डावीकडून, उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेला ट्रक मिळतो. गिअरचा दांडा वेगळा विकत मिळतो, तो टेबलाच्या डाव्या बाजूला लावा. नाहीतर उजव्या हाताने गिअर टाकायची सवय लागेल आणि गाडीत बसल्यावर दाराचं हँडल खेचाल.

काय शिकता येत नाही? क्लच. खेळातला क्लच हा स्प्रिंगवर चालतो, त्याला खऱ्या क्लचची पकड नाही. गाडी घसरायला लागली की आधी कळतं बुडाला, खुर्चीतून. ती खुर्ची इथे नाही. काहींना डोळे म्हणतात चाललोय आणि कान म्हणतात बसलोय, अशी ओढाताण होऊन मळमळतं. त्यांनी दहा मिनिटांत उठावं, हट्ट करू नये. आणि मुख्य म्हणजे रिक्षा. आपल्या सीबीएसला, म्हणजे बसस्थानकाच्या चौकात, रिक्षावाला कधी वळेल, हे कुठल्याही प्रोग्रामरला लिहिता आलेलं नाही. (हशा) संकट आधी ओळखण्याचा सराव मात्र पडद्यावर होतो. ब्रिटनमध्ये लायसन्सच्या लेखी परीक्षेत २००२ पासून व्हिडिओ दाखवून धोका कधी दिसला ते विचारतात. आपल्याकडे हे व्हावं, अशी माझी मागणी आहे, ती टाळ्यांनी मंजूर करा. धन्यवाद.

आता आजी-आजोबांच्या बाजूचं एक. म्युनिकच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं, की रेसिंग गेम खेळल्यावर लगेच माणसं जास्त धोका पत्करायला तयार होतात. मला ते पटतं. धडका मारत पुढे जायचे, पोलिसांना चुकवायचे खेळ यात येतात. ते खेळून पोरगं लगेच किल्ली मागत असेल तर देऊ नका. जेवायला वाढा, मग बघा. सरावाचा खेळ वेगळा. एकट्याने, घड्याळाशिवाय, आरसे चालू ठेवून, आतल्या सीटवरून. गाडीच्या मागून दिसणारं दृश्य लावाल तर तुम्ही ड्रोन चालवताय.

शेवटची तांत्रिक गोष्ट, अध्यक्ष उभे राहिलेत. स्क्रीनचा कोन, म्हणजे पडद्यावर दृश्य किती रुंद दिसावं ते खेळाचं सेटिंग. बहुतेक जण कंपनीने दिलेला कोन तसाच ठेवतात, मग वेग आणि अंतर दोन्ही खोटं दिसतं आणि सगळा सराव वाया. २७ इंची स्क्रीन डोळ्यांपासून ६० सेंटीमीटरवर असेल तर आडवा कोन ५३ अंश ठेवा. काही खेळ उभा कोन विचारतात, त्यांना ३१ सांगा. चित्र सुरुवातीला फार जवळून, दुर्बिणीतून बघितल्यासारखं वाटेल, दोन दिवसांत सवय होते. नवं व्हील पंचवीस-तीस हजारांच्या घरात जातं, जुनं निम्म्यात मिळतं. घेताना पॅडल हाताने दाबून बघा, ब्रेकचं कडक लागलं पाहिजे. बाकीचं बाहेर चहाला विचारा. आणि ज्यांची गाडी गेटसमोर लावलीय, एमएच १५ पांढरी, त्यांनी आधी ती काढा, अध्यक्षांची आत अडकलीय.