ओळंबा आणि पासंग

हा स्टॅबिलायझर, म्हणजे चालताना कॅमेरा हलू न देणारं यंत्र, मी हँडलला धरून उचललाय. कसा सरळ उभा आहे बघा, गवंड्याच्या ओळंब्यासारखा. आपल्यातले बरेचजण इथेच खूश होतात आणि शूटिंगला निघतात. आता मी चार पावलं चालतो आणि थांबतो. दिसलं? मी थांबलो, कॅमेरा नाही थांबला. झोके घेतोय. खाली वजन भरपूर टाकलं की काहीही सरळ उभं राहतं हो, त्याला तोल म्हणत नाहीत.

मोटर नसलेलं हे साधं यंत्र. वर कॅमेरा, मधे दांडा, खाली वजनाच्या चकत्या आणि दांड्याला बेअरिंगवर फिरणारं हँडल. मूळ कल्पना गॅरेट ब्राउन या अमेरिकन कॅमेरामनची, १९७०च्या दशकातली. स्टेडीकॅम म्हणतात ते त्याचंच यंत्र. १९७६च्या ‘रॉकी’त फिलाडेल्फियाच्या म्युझियमच्या पायऱ्या चढतानाचा शॉट त्यावरच घेतला. त्याची युक्ती मला फार आवडते. कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य असतो कॅमेऱ्याच्या पोटात, तिथे बोट घालता येत नाही. मग काही वजन दांड्याच्या दुसऱ्या टोकाला न्यायचं, की तो मध्य उघड्यावर, दांड्यावर येतो. तिथे चिमटीने धरा. शिवाय वजन लांब पसरलं की कॅमेरा हाताच्या थरथरीला सहजासहजी दाद देत नाही. अंतर दुप्पट, तर जडत्व चौपट.

बेअरिंग या मध्याच्या किंचित वर हवं. किंचितच! हे मोजायची रीत सोपी आहे. दांडा आडवा धरायचा, सोडायचा आणि तो सरळ उभा व्हायला किती वेळ लागतो ते बघायचं. दोन-तीन सेकंद लागले तर ठीक. धाडकन आला तर खालची एक चकती काढा. आलाच नाही, किंवा कॅमेरा खाली लोंबला, तर एक चढवा. चकती जड वाटली तर नुसता वॉशर लावा. वाण्याच्या तराजूला पासंग असायचा ना, तसा.

पण त्याआधी पुढे-मागे आणि डावी-उजवी बाजू. नाक खाली गेलं तर कॅमेरा मागे सरकवा, स्क्रू अर्धा फेराच फिरवा, थांबा, बघा. आणि हे सगळं करताना कॅमेरा शूटिंगला असतो तसाच असू द्या: बॅटरी, कार्ड, माइक लावलेला, लेन्सकॅप काढलेली, स्क्रीन उघडलेला. मी एका लग्नात स्क्रीन मिटून तोल लावला होता. वरात दारात आली, मी स्क्रीन उघडला आणि कॅमेरा डावीकडे कलला. घरी येऊन बघतो तर अख्खी वरात घसरगुंडीवर! नवरदेवाच्या मामांनी अजून ऐकवायचं सोडलेलं नाही. झूमचंही तेच. ज्या लेन्सची नळी बाहेर येते, तिचा झूम ठरवा आणि मगच तोल लावा.

मंडपातला कूलर हा दुसरा शत्रू. इतका हलका तोल वाऱ्याच्या झोताने फिरतो. तिथे डाव्या हाताची दोन बोटं बेअरिंगच्या खाली दांड्याला नुसती टेकवायची. पकडायचं नाही.

मोटरच्या गिंबलवाल्यांनी, म्हणजे ज्यांचा कॅमेरा मोटरच सरळ धरते त्यांनी, मात्र हा हिशेब तिकडे नेऊ नये. तिथे खालची बाजू जड ठेवायचीच नाही. गिंबल बंद ठेवून प्रत्येक आस एकेक करून तपासा. कॅमेरा जसा वळवाल तसाच राहायला हवा. नाहीतर मोटर सगळा वेळ वजन पेलत बसते, तापते, घूं-घूं करते आणि बॅटरी खाते. ‘मोटर आहे ना, बघून घेईल’ हे मी रोज ऐकतो. बघून घेते, पण अर्धाच तास.

चला, ज्यांनी आपापले स्टॅबिलायझर आणलेत त्यांनी पुढे या. दांडा आडवा करून सोडा, सेकंद मी मोजतो. आणि लेन्सकॅप काढा आधी!