क्लबचा दौरा: शनिवार-रविवार, कोल्हापूर

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईच्या आझाद मैदानावर, क्रॉस मैदानावर किंवा शिवाजी पार्कवर रविवारी सकाळी खेळणारे बहुसंख्य क्रिकेट क्लब हौशी खेळाडूंचे आहेत. बँकेत, महापालिकेत, शाळेत किंवा दुकानात नोकरी करणारी ही माणसे वर्गणी काढून चेंडू विकत घेतात आणि पावसाळ्यात कांगा लीगचे सामने चिखलात खेळतात. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने १९४८ साली सुरू झालेल्या या स्पर्धेत गट आहेत, गुणतालिका आहे, वरच्या गटात चढण्याची आशा आहे आणि खालच्या गटात घसरण्याची धास्तीही आहे. त्यामुळे लीगच्या दिवशी प्रत्येक क्लब आपले उत्तम अकरा खेळाडू उतरवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या सभासदाने वर्षभर सरावाच्या नेटमध्ये इतरांना गोलंदाजी केली, रोलर ओढला आणि सामन्याच्या दिवशी गुणवही सांभाळली, त्याच्या हाती बॅट कधी येणार? माझ्या मते याच कारणासाठी प्रत्येक क्लबने वर्षातून एकदा तरी परगावचा दौरा काढला पाहिजे. आमच्या क्लबच्या कोल्हापूर दौऱ्याच्या आधाराने मी आज त्याविषयी बोलणार आहे.

कोल्हापूर निवडण्यामागे पहिले कारण गाडीचे आहे. शुक्रवारी कचेरी सुटल्यावर महालक्ष्मी एक्सप्रेसने निघालेला माणूस शनिवारी सकाळी कोल्हापुरात उतरतो आणि रविवारी रात्री त्याच गाडीने परत निघून सोमवारी कामावर हजर होऊ शकतो. म्हणजे एकही रजा न घालवता दोन सामने खेळून होतात. आम्ही डिसेंबरात जातो. पाऊस संपून मैदाने कडक झालेली असतात आणि हवा गार असते. मात्र दिवस लहान असल्यामुळे चाळीस-चाळीस षटकांचा सामना सकाळी साडेनऊला सुरू झालाच पाहिजे, नाहीतर शेवटची षटके अंधुक उजेडात खेळावी लागतात. गाडीत किटच्या पिशव्या खालच्या बर्थखाली सरकवल्या की कर्जत येण्यापूर्वीच डबे उघडतात, आणि कोणी कितव्या क्रमांकावर फलंदाजीला जायचे याची चर्चा लोणावळ्याच्या पुढेही चालू राहते.

संघाविषयी आमचा नियम ठाम आहे. जो नेटला येतो, तो दौऱ्यावर येतो. यजमानांना हरवण्यासाठी दुसऱ्या क्लबचा एखादा नामांकित फलंदाज मागून आणण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. मला ती मुळीच मान्य नाही, कारण त्यामुळे आपल्याच एका सभासदाची जागा जाते आणि यजमानांचीही फसवणूक होते. दौऱ्याचा खर्च सर्वांत सारखा वाटला जातो, फक्त कॉलेजात शिकणाऱ्या मुलांकडून निम्मी वर्गणी घेतली जाते. दोन सामन्यांत मिळून प्रत्येकाला एकदा तरी पहिल्या पाचांत फलंदाजी किंवा किमान चार षटके गोलंदाजी मिळाली पाहिजे, ही जबाबदारी कर्णधाराची, आणि ती पार पाडताना सामना हातचा गेला तरी त्याला कोणी बोल लावायचा नाही.

परगावी गेल्यावर खेळच बदलतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे मॅटिंगची विकेट, म्हणजे चटई अंथरलेली खेळपट्टी. आमच्या यजमानांच्या मैदानावर काथ्याची मॅट अंथरतात. ती चारी बाजूंनी लोखंडी खिळे ठोकून ताणावी लागते. एका कोपऱ्यात जरी सैल राहिली तरी तिथे पडलेला चेंडू कसा उठेल याचा नेम राहत नाही. म्हणून नाणेफेकीआधी दोन्ही कर्णधार मॅटवरून चालत जातात, पायाने दाबून पाहतात आणि जिथे वळी पडली असेल तिथे यजमानांचा माळी आणखी एक खिळा ठोकतो. मॅटवर चेंडू टर्फपेक्षा, म्हणजे गवत-मातीच्या खेळपट्टीपेक्षा, जास्त उसळतो आणि बोटांनी वळवलेला चेंडूही चांगला पकड घेतो. पुढे पाय टाकून ड्राइव्ह करण्याची सवय असलेल्या मुंबईकर फलंदाजाला मागच्या पायावर थांबून कट आणि पुल हे फटके शिकावे लागतात. खिळ्यांचे बूट इथे चालत नाहीत, रबरी तळव्यांचे लागतात. ही बाब निघण्यापूर्वी प्रत्येकाला दोनदा सांगावी, असे मी दौरा काढणाऱ्या कोणत्याही क्लबला आग्रहाने सुचवीन.

पंचांची व्यवस्था हा नाजूक विषय आहे. अशा मैत्रीच्या सामन्यांत बहुधा फलंदाजी करणाऱ्या संघातलेच दोघे पांढरा कोट चढवून उभे राहतात. पायचीतचे अपील होते, समोर आपलाच मित्र उभा असतो, तो दोनशे मैलांवरून खेळायला आलेला असतो आणि अजून त्याचे खातेही उघडलेले नसते. अशा वेळी बोट वर करणारा माणूस क्लबची इभ्रत राखतो. शनिवारच्या सामन्यात आमच्या एका ज्येष्ठ सभासदाने आपल्या सख्ख्या पुतण्याला पहिल्याच षटकात पायचीत दिले. पुतण्या बॅट काखेत घेऊन मुकाट्याने परतला आणि जेवणाच्या वेळी काकांच्या शेजारीच बसला. ते पाहून यजमानांच्या कर्णधाराने दुसऱ्या दिवशी दोन्ही डावांत आमचेच दोन्ही पंच ठेवण्याची तयारी दाखवली. एवढा विश्वास पैसे मोजून मिळत नाही.

जेवणाच्या पंगतीचा उल्लेख आला, म्हणून थोडे मागे जाऊन बोलणे मला आवश्यक वाटते. पुण्याच्या युरोपियन क्लबात अल्प पगारावर मैदानाची देखभाल करणारे आणि नेटमध्ये साहेब फलंदाजांना गोलंदाजी टाकणारे पळवणकर बाळू हे पुढे हिंदू संघाचे आणि भारताचे थोर डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. त्याआधी पुण्याच्या हिंदू क्लबातून ते साताऱ्याला खेळायला गेले होते. बाळूंच्या गोलंदाजीची धार बोथट व्हावी म्हणून तिथल्या गोऱ्यांच्या जिमखान्याने आठवडाभर विकेटवर रोलर फिरवून घेतला होता, तरीही बाळूंनी सात बळी घेतले आणि पुण्याने सामना जिंकला, असे सांगितले जाते. परंतु पुण्याच्या मैदानावर ज्या चेंडूला सर्वांचे हात लागत, तो चेंडू टाकणाऱ्या बाळूंना चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात दिला जाई, कारण ते चांभार समाजात जन्मले होते. महाराष्ट्रातल्या हौशी क्लबच्या दौऱ्याचा हाही इतिहास आहे आणि तो आपण विसरता कामा नये. म्हणूनच कोल्हापुरात मांडवाखाली जेव्हा एकच लांब पंगत बसते, माळी, पंच, स्कोअरर आणि दोन्ही संघ मिसळून बसतात, आणि यजमानांच्या घरची माणसे तांबडा-पांढरा रस्सा आणि भाकरी एकाच भांड्यातून सर्वांना वाढतात, तेव्हा मला त्या पंगतीचे मोल मैदानावरच्या कोणत्याही डावापेक्षा अधिक वाटते.

कोल्हापूर ही फलंदाज भाऊसाहेब निंबाळकरांची भूमी. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध खेळताना ते ४४३ धावांवर नाबाद होते, ऑस्ट्रेलियाच्या डॉन ब्रॅडमन यांचा प्रथम श्रेणी क्रिकेटमधल्या एका डावातला ४५२ धावांचा विक्रम अवघ्या नऊ धावांवर आला होता, आणि मध्यंतरात पाहुण्या संघाने सामनाच सोडून दिला. निंबाळकरांना पुढे कसोटी सामनाही कधी मिळाला नाही. कोल्हापुरात जुन्या क्रिकेटप्रेमी माणसांशी बोलताना तो दिवस अजूनही निघतोच. पाहुण्या संघाच्या कर्णधाराने काय करू नये, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. ज्यांनी मैदान दिले, त्यांचा डाव शेवटच्या चेंडूपर्यंत पाहणे पाहुण्याचे कर्तव्यच आहे, मग धावफलक काहीही सांगत असो.

रविवारी तशीच वेळ आमच्यावर आली. यजमानांनी पस्तीस षटकांत मोठी धावसंख्या उभारली आणि आमचे आठ गडी स्वस्तात बाद झाले. गाडी रात्रीची असली तरी कोणीतरी आवराआवरीची भाषा काढली. कर्णधाराने ती तिथेच थांबवली. नववा गडी बाद झाल्यावर आमचे स्कोअरर उतरले. वर्षानुवर्षे गुणवही लिहिणारे, पन्नाशी ओलांडलेले, सुबक अक्षराचे हे गृहस्थ. वही त्यांनी यजमानांच्या स्कोअररकडे सोपवली, उसने पॅड बांधले आणि समोरच्या मुलाला एकेरी धावांसाठी हाका मारीत ते तब्बल सहा षटके टिकले. त्यांनी लेगच्या बाजूला मारलेला एक चौकार यजमानांच्या खेळाडूंनीही टाळ्या वाजवून उचलून धरला. आम्ही हरलो. पण आमच्या गुणवहीत त्यांच्या नावापुढे त्या दिवशी दुसऱ्याच्या अक्षरात ‘११ नाबाद’ असे लिहिलेले आहे.

दौऱ्याचे ऋण फेडावे लागते. फेब्रुवारीत कोल्हापूरचा संघ मुंबईला येणार आहे. मुंबईतली घरे लहान, लॉज महाग, त्यामुळे आमच्या सभासदांनी दोन-दोन पाहुणे आपापल्या घरी उतरवून घेण्याचे ठरवले आहे. डोंबिवली, दादर, गोरेगाव अशी विभागणी झाली आहे आणि सकाळच्या लोकलमध्ये किटसह त्यांना मैदानावर घेऊन येणे ही ज्याच्या त्याच्या यजमानाची जबाबदारी आहे. सामना क्रॉस मैदानावर टर्फच्या विकेटवर होईल. रबरी तळव्यांच्या बुटांसोबत खिळ्यांचे बूटही आणावेत, असे आम्ही त्यांना आत्ताच कळवले आहे.

नमस्कार.