रूम टोनचा एक मिनिट

प्रश्नोत्तरांत एक प्रश्न हमखास येतो, म्हणून तो सुरुवातीलाच घेतो. "तुम्हाला हे सुचतं कसं?" विचारणाऱ्याची समजूत अशी असते, की दिग्दर्शकाच्या डोक्यात सिनेमा आधीच तयार असतो आणि नंतर तो नुसता चित्रित होतो. माझ्या बाबतीत असं एकदाही झालेलं नाही. सुरुवातीला माझ्याजवळ फार तर एखादी मनात रुतून बसलेली गोष्ट असते. बाकीचं काम करता करता सापडतं, आणि पुष्कळदा जे काम पुढे टाकून द्यावं लागतं त्यातूनच सापडतं. आज या टाकून दिलेल्या कामाबद्दल बोलायचं आहे.

एक प्रसंग सांगतो. दोन भाऊ. वडील गेलेत आणि दोघं त्यांचं घर आवरायला आलेत. धाकट्याला घर विकायचंय, थोरल्याला नाही. हा प्रसंग मी चार पानांचा लिहिला होता. कोण वडिलांजवळ राहिलं, कोण निघून गेलं, कुणी किती खर्च केला, सगळं त्यात होतं. लिहून झाल्यावर वाचलं की दर वेळी वाटायचं, माणसं बरोबर बोलतायत, पण ही भावंडं वाटत नाहीत. पुन्हा लिहायचो, पुन्हा तेच. शेवटी तसाच चित्रित केला. दोन्ही नट कसलेले, त्यांनी जीव ओतून केला. टेक ओके झाला.

मग आमचे ध्वनिमुद्रक म्हणाले, "रूम टोन घेतोय, कुणी हलू नका." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. संकलनात संवाद कापले की मध्ये पोकळी पडते, ती कानाला लगेच जाणवते. ती भरायला त्याच खोलीतली, तेवढीच माणसं आत असतानाची शांतता मिनिटभर मुद्रित करून ठेवतात. त्या वेळी अख्खं युनिट जिथल्या तिथे उभं असतं. तो मिनिट मला फार आवडतो. दिवसभर आरडाओरडा करणारी तीस-चाळीस माणसं एकदम श्वास रोखून उभी.

त्या दिवशी कॅमेरा बंद करायचा राहून गेला होता.

दोन महिन्यांनी संकलनाच्या टेबलावर आमच्या संकलकाने तो तुकडा लावला आणि म्हणाली, "हे बघितलंस का?" फ्रेममध्ये दोघं उभे. नुकतंच कडाकडा भांडून झालेलं. धाकटा खिडकीकडे तोंड करून उभा आहे आणि मानेपाशी त्याच्या शर्टाच्या कॉलरचं लेबल बाहेर आलंय. थोरला त्याच्याकडे बघतो, थोडा वेळ तसाच थांबतो. मग हळूच हात पुढे करून दोन बोटांनी ते लेबल आत सरकवतो. धाकटा वळत नाही. त्याचे खांदे तेवढे किंचित खाली येतात. बस्स.

मला चार पानांत जे जमलं नव्हतं ते त्या दोन बोटांत होतं. लहानपणी शाळेत जाताना कुणी कुणाची कॉलर नीट केली असेल, ते सगळं त्यात आलं. मी ती रील त्या रात्री किती वेळा मागे-पुढे केली असेल, मोजली नाही.

आता यावरून कुणी म्हणेल, नशीब. मला ते पटत नाही. आम्ही करून बघितलं. सगळं भांडण काढून नुसती ती शांतता ठेवली. दोन अनोळखी माणसं खोलीत उभी आहेत असंच दिसलं, आणि लेबल आत सरकवणं उगाच वाटलं. सिनेमाच्या विद्यार्थ्यांना कुलेशोव्हचा प्रयोग आठवेल. 1920 च्या आसपास रशियात लेव्ह कुलेशोव्हने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सुपाच्या बशीला, कधी शवपेटीला, कधी एका स्त्रीला जोडून दाखवला. चेहरा बदलला नव्हता, पण बघणाऱ्याला त्यात भूक, शोक, ओढ असं वेगवेगळं दिसलं, असं त्या प्रयोगाबद्दल सांगतात. तसंच आमचं. शेवटी चार पानांतल्या चारच ओळी ठेवल्या आणि मग ती शांतता लावली. आता ती बोलायला लागली.

पण ही झाली प्रेक्षकांची बाजू. नटाची बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. पडद्यावर चार ओळी आहेत, पण त्या दिवशी त्या नटाने चारही पानं बोलून टाकली होती. भावाला टोचणारं एकेक वाक्य त्याच्या तोंडून गेलं होतं. म्हणून तो हात पुढे गेला. मी "आता त्याचं लेबल आत घाल" असं आधी कागदावर लिहिलं असतं, तर ते तसं झालं नसतं. वाया गेलं म्हणून मी ज्या पानांवर चरफडत होतो, ती पानं त्या हातात होती.

दिग्दर्शनात कल्पना किती साध्या वस्तूत असते याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण सत्यजित राय यांचं आहे. 1952 मध्ये त्यांनी आपल्या पहिल्या चित्रपटाचं चित्रीकरण काशफुलांच्या शेतात सुरू केलं. लहान मुलाने बहिणीला शोधत त्या उंच गवतातून चालायचं होतं. मुलगा चालायचा, पण ताठ, कवायतीसारखा. मग राय यांनी त्याच्या वाटेत काटक्या टाकल्या, म्हणजे त्या ओलांडताना तो अडखळेल, आणि गवतात सहायक लपवून ठेवले, ते मधूनमधून त्याला हाक मारणार. मुलगा थबकायला लागला, इकडेतिकडे बघायला लागला. 'शोध' हा शब्द त्याला समजावत बसण्यापेक्षा जमिनीवरच्या काटकीने ते काम केलं. आणि ही काटकी ताठ चालून दाखवणाऱ्या मुलाला बघितल्यावरच सुचू शकते, घरी बसून नाही. पुढच्या आठवड्यात ते परत गेले तेव्हा गुरांनी काशफुलं खाऊन टाकली होती. उरलेल्या दृश्यासाठी पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागलं.

तरुण मित्र मला विचारतात, मग पटकथा नीट लिहायचीच नाही का? लिहायची. जीव तोडून लिहायची. सेटवर कोऱ्या मनाने जाऊन चमत्काराची वाट बघणाऱ्यांबरोबर मी काम केलंय, तिथे काही घडत नाही, फक्त दिवस मावळतो. लिहिलेलं पक्कं असलं तरच त्यातून सुटून बाहेर पडलेलं काहीतरी ओळखता येतं. आमच्या संकलकाला ते लेबल दिसलं, कारण तिला ती चार पानं पाठ होती.

एक शेवटचं सांगतो. त्या दिवशीचा रूम टोन वापरता आला नाही. लेबल सरकवताना कापडाचा आवाज आला होता, म्हणून तो लगेच पुन्हा घेतला होता. पुढच्या चित्रपटात मी ठरवून कॅमेरा चालू ठेवायला लागलो. प्रत्येक मोठ्या प्रसंगानंतर, रूम टोनभर. दोन-तीन दिवसांत नटांना ते कळलं. मग त्या मिनिटात कुणी डोळे पुसायचं, कुणी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवायचं, सगळं छान दिसायचं. पहिल्या ते शेवटच्या दिवसापर्यंतचं ते सगळं फुटेज मी बसून बघितलं. त्यातलं एक सेकंदही चित्रपटात गेलं नाही.